बूट घालायच्या खोक्यावरून

मित्रांनो, मी मोटारसायकलची सीट आहे. जुनी आहे, आणि माझ्या नाकावर राग आहे हे आधीच सांगून ठेवते. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर खुशाल उठा.

माझ्या मालकांना सगळे काटेवाले काका म्हणतात. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. हत्यारांची पेटी मागे बांधून सकाळी निघायचं, की दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर सहज व्हायचे. गाडीबरोबर आलेल्या सीटने त्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हा ते एका म्हाताऱ्या सीटवाल्या मिस्त्रीकडे गेले. माझा जन्म तिथला.

मिस्त्री तोंडाने फटकळ होता. काका म्हणाले, "जरा मऊ करा हो, लोण्यासारखी." तो भडकलाच.

"लोण्यावर बसलात की रुतणार. मग सगळा भार माकडहाडावर. तुम्हाला झोपायचंय की गाडी चालवायचीय?"

त्याने काकांना कच्च्या फोमवर अर्धा तास बसवून ठेवलं. बुडाच्या दोन हाडांच्या जागा खडूने आखल्या. तेवढा भाग रुंद आणि घट्ट ठेवून बाकीचा फोम सुरीने तासला. माणूस घसरून टाकीवर जाऊ नये म्हणून पुढचा उतारही काढून टाकला. मग म्हणाला, "एक चक्कर मारून या." काका आले, त्याने पुन्हा तासलं. असं तीनदा झालं, तेव्हा कुठे माझ्यावर काळं रेक्झीन चढलं.

नऊ वर्षं मी काकांना वाहिलं. तासाभराने ते उतरायचे, पाय झाडायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा स्वार व्हायचे. संध्याकाळी घरी आले की टांग मागे टाकून अगदी सहज उतरायचे. कुणी विचारलं तर माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "ही आहे तोवर मी आहे." मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग काकांचा पन्नासावा वाढदिवस आला आणि काकूंचा धाकटा भाऊ उगवला. त्याच्या बगलेत चकचकीत, तांबड्या शिलाईची, उशीसारखी फुगलेली नवी सीट.

"दाजी, ही असली फळी कसली घेऊन फिरता? हिच्यावर बोट दाबून बघा!"

काकांनी बोट दाबलं. काकूंनी दाबलं. शेजारचेही येऊन दाबून गेले. सगळे वा वा करत होते. अरे, सीट काय बोटाने वापरतात? ज्या अवयवाने वापरतात तो टेकवून तासभर बसून बघायची अक्कल एकालाही सुचली नाही. माझे दोन नट सुटले आणि माझी रवानगी व्हरांड्यातल्या लाकडी खोक्यावर झाली. बूट घालताना बसायला म्हणे.

महिन्याभरात काका वाकले. त्यांचे पाय बधिर व्हायचे, गाडीवरून उतरताना भिंत धरावी लागायची. दोष कुणाला दिला? आधी झोपायच्या गादीला, मग रस्त्यांना, मग वयाला. डॉक्टरांनी बजावलं, "असंच राहिलं तर गाडी सोडावी लागेल." गाडी सोडायची म्हणजे धंदा सोडायचा, कारण दुकानांतले काटे काही चालत काकांकडे येणार नव्हते. तरी त्या उशीला कुणी अवाक्षर बोललं नाही. मेहुण्याने प्रेमाने दिलेली ना! भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

आणि सगळ्यांत संताप कशाचा, सांगू? रोज सकाळी काका माझ्यावर बसून नाड्या बांधत आणि काकूंना म्हणत, "अगं, इथे बसलं की कंबर कशी मोकळी होते बघ." एवढं बोलून उठायचे आणि कण्हत कण्हत त्या उशीवर जाऊन बसायचे! मला दात असते तर मी चावले असते.

शेवटी गाडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी काका माझ्यावर नुसते बसून राहिले. पाऊण तास झाला. बूट बाजूलाच पडले होते. काकू दारातून बघत होत्या.

"अहो, किती वेळ सरळ बसलात तुम्ही!"

"मग काय झालं?"

"जेवतानासुद्धा तुम्हाला दहा मिनिटं बसवत नाही. उठा बघू."

काकूंनी मला उचललं आणि पेटीतून पाना काढला.

"अगं, तुझा भाऊ काय म्हणेल?"

"कंबर त्याची दुखते की तुमची? त्याला काय सांगायचं ते मी सांगेन."

गिऱ्हाईक आलं तेव्हा काका माझ्यावर बसून फेरीला निघून गेले होते. कंबर काही एका दिवसात बरी झाली नाही, बरेच महिने गेले. आता ते भिंत न धरता उतरतात. ती उशी खोक्यावर आहे. मेहुणा आला की काकू त्याला आग्रहाने तिच्यावर बसवतात. अर्ध्या तासात तो चुळबुळ करायला लागतो.

मित्रांनो, तुमच्या हाडांचं माप घेऊन कुणी काही घडवलं असेल, तर नवं चकचकीत दिसलं म्हणून ते फेकू नका. आणि तुमचं अंग रोज ओरडून काही सांगत असेल, तर भिडेपोटी त्याचं तोंड दाबू नका.

परवा काकांनी माझ्यावर पुन्हा थाप मारली. "ही आहे तोवर मी आहे," म्हणाले. पण त्यांचा डावा पाय अजून कधीकधी बधिर होतो, आणि तो बधिर झाला की माझा राग पुन्हा जागा होतो.