दहा किलोंची अट

डायपरचं पाकीट गुरुवारपर्यंत पुरायला हवं होतं आणि ते सोमवारीच संपलं. असा घोळ वहिनीच्या हातून होत नसे. अकरा महिन्यांच्या लेकीने किती वेळा दूध घेतलं, कितीदा शी केली, सगळं तिला तोंडपाठ. तिच्या या टिपून ठेवण्याची घरात यथेच्छ टर उडवली जायची.

"उंदीर नेत असतील," नवरा म्हणाला.

"हो, उंदरांनाही लंगोट लागतात आता," असं म्हणून तिने विषय सोडला. पण डोक्यातून सोडला नाही.

उत्तर मिळालं दुपारी, न्हाणीघराच्या कचऱ्याच्या डब्यात. कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून ठेवलेलं एक पुडकं. वहिनीने सोडून पाहिलं आणि ती तिथेच डब्याशेजारी उकिडवी बसली. डायपर लेकीचंच होतं. रक्त मात्र लेकीचं नव्हतं.

घरात उरली होती ती नणंद. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. तिचं खरं नाव फक्त परीक्षेच्या फॉर्मवर लिहिलं जायचं. घरात ती ठमी. गुबगुबीत म्हणून लहानपणी ठेवलेलं नाव, आणि वहिनीसुद्धा लग्न होऊन आल्यापासून लाडाने तेच घेत होती. गेले तीन महिने ठमी ताटावरून अर्धवट उठायची. खुर्चीच्या अगदी कडेला बसायची. जिन्यात मध्येच थांबून मोबाइल बघत असल्याचं सोंग करायची. वहिनीने हे सगळं पाहिलं होतं आणि त्याला 'डाएट' म्हणून मोकळी झाली होती. तिला स्वतःचाच संताप आला.

"किती दिवस चाललंय हे?" तिने दार लावून विचारलं.

"पाळी आहे गं वहिनी."

"कितवा दिवस?"

ठमीने खिडकीकडे पाहिलं. "सतरावा. पॅड पुरत नाही. तुझ्या पाकिटातून डायपर घेतली, सॉरी."

"अगं, तू तर डॉक्टरांकडे जातेस ना? तीन महिने?"

"जाते की. पहिल्याच दिवशी सांगितलं मी, पाळी लांबते म्हणून. मॅडम म्हणाल्या, आधी दहा किलो उतरव, मग पाळीचं बघू. वजनानेच होतं म्हणे सगळं." मग तिचा चेहरा जरा उजळला. "नऊ किलो चारशे झालेत. फक्त सहाशे ग्रॅम राहिलेत. ते झाले की तपासणार आहेत."

वहिनीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. बाजारातसुद्धा कोणी अशी अट घालत नाही.

सासूबाई बाहेरच्या खोलीत नातीला खेळवत होत्या. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "वाढत्या वयात होतं असं. मलाही व्हायचं. त्या एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांना कळत नसेल?"

"आई, तुम्हाला सतरा दिवस व्हायचं?"

 सासूबाईंनी नात उचलून वहिनीच्या कडेवर दिली. "हिलाही ने. तू घरी नसलीस की ही रडून घर डोक्यावर घेते. आणि लवकर जा," त्या म्हणाल्या. आवाज बदललेला होता.

दवाखान्यात वजनाचा काटा काउंटरच्या अगदी समोर, वाट बघणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. काउंटरवरच्या मावशी आकडा मोठ्यांदा सांगायच्या, म्हणजे लिहिताना चूक होत नाही म्हणे. ठमी चपला काढून, ओढणी काढून, कानातलेसुद्धा काढून काट्यावर चढली. श्वास आत ओढून उभी राहिली.

"सत्याहत्तर पॉइंट एक!" मावशी ओरडल्या. "अरे वा, उतरतेय की गाडी!" बाकावरची दोनचार माणसं हसली. ठमीही हसली. ते हसू वहिनीला बघवेना.

मावशींनी केसपेपर पुढे ओढला आणि काहीही न विचारता लिहायला लागल्या. वहिनी वाकून बघत होती. तक्रार या रकान्यात लिहिलं गेलं: वजन. वर मागच्या दोन तारखा होत्या. तिथेही वजन. आणि वजन.

"मावशी, तिने तक्रार सांगितलीच नाही अजून."

"त्यात सांगायचं काय? दिसतंय की. गर्दी किती आहे बघा. ताप असला तर विचारते मी."

"म्हणजे तुम्ही माणूस बघून तक्रार लिहिता?"

"इतकी वर्षं लिहितेय. अजून कोणी बोललं नाही."

वहिनीने काउंटरवरचं पेन उचललं. तिन्ही वजनांवर आडवी रेघ मारली. मावशी "अहो, अहो" करेपर्यंत तिने बाजूला लिहूनही टाकलं: सतरा दिवस रक्तस्राव, चक्कर, धाप. पाळीची तक्रार तीन महिन्यांपासून सांगितलेली.

आत मॅडमनी बाजूला लिहिलेलं पाहिलंच नाही. आकडा तेवढा पाहिला. "शाब्बास! जिद्दीची आहेस. अजून थोडंसं. रात्रीचं जेवण बंद केलंस ना?"

"हो मॅडम," ठमी म्हणाली.

"मॅडम, बाजूचं वाचा," वहिनी म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"हिची वहिनी."

"हे बघा, घाबरायचं कारण नाही. या वयात मुली खातात काहीबाही, चालणं नाही. वजन आटोक्यात आलं की पाळी आपोआप..."

वहिनीने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पिशवीत राखून ठेवलेलं एक डायपर काढून टेबलावर, त्या चकचकीत काचेवर ठेवलं. कोरं होतं, तरी मॅडम मागे सरकल्या.

"हे माझ्या या मुलीचं. हिला एक रात्रभर पुरतं. या मुलीला चार तास पुरत नाही. तुम्ही तिला तीन महिन्यांत एकदा तरी विचारलंत, किती जातं? तिच्या पापणीखाली बघितलंत? ती पाळीची तक्रार घेऊन आली होती तुमच्याकडे. तुम्ही तिला उपाशी ठेवलंत!"

"आवाज खाली करा. बाहेर पेशंट आहेत."

"आकडा बाहेर ओरडून सांगता तेव्हा नसतात का पेशंट?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. पण हात पुढे गेला. ठमीची पापणी त्यांनी अंगठ्याने खाली ओढली. आतला भाग कागदासारखा पांढरा होता.  त्यांनी लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. "मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ताच. चालवत नेऊ नका."

हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या तरुण डॉक्टरने रिपोर्ट वाचून सांगितलं, थायरॉईड पार मंदावलेली आहे. वजन वाढणं, थकवा, पाळीचं हे असं होणं, सगळं तिथूनच असावं. "सोनोग्राफीत बाकी काही सापडलं नाही. गोळ्यांनी फरक पडेल. हे पहिल्याच भेटीत, साध्या रक्ततपासणीत दिसलं असतं." तो हे अगदी सहज बोलला. साधी रक्ततपासणी. बोटभर नळी रक्त. आणि त्या मॅडमनी तीन महिने काट्यावर उभं केलं पोरीला!

ठमीच्या हाताला रक्ताची दुसरी पिशवी लावली होती. ओठांना जरासा रंग आला होता. सासूबाई डबा घेऊन आल्या, पायाशी बसल्या आणि ठमीच्या तळव्यांवरून उगाच हात फिरवत राहिल्या. "मला सांगायचं नाहीस?" एवढंच म्हणाल्या.

वहिनीने डबा उघडला. गरम भाताचा वास आला. ठमीने डब्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग वहिनीकडे.

"वहिनी, भूक लागलीय," ती हळू म्हणाली. "खाऊ का?"

चमचा वहिनीच्या हातात तसाच राहिला.  भुकेल्या पोरीने भात खायला परवानगी मागावी!  ती पलंगाच्या कडेला बसली, ठमीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली आणि पहिला घास तिच्या तोंडापुढे धरला.