फटफटींच्या शर्यतीला गेलेली दमणी

गोठ्यामागे टेकवून ठेवलेली, कोंबड्यांनी अंडी घालायला धरलेली ती जुनी दमणी म्हणजे मीच, मित्रांनो. माझं एक चाक जुनं, काळपटलेलं आहे आणि दुसऱ्याचे आरे कोरे करकरीत आहेत. पाहणारे हसतात. हसा, पण आधी ऐकून घ्या.

माझा जन्म पारशिवनीचा. पेंचच्या जंगलातलं सागवान आणून सुताराने मला घडवलं, लोहाराने चाकांना लोखंडी धावा चढवल्या. पोती वाहणारी बंडी वेगळी. मी माणसांना बसवून नेणारी, वर तट्ट्याचं छप्पर असलेली हलकी गाडी. गावातल्या किती नव्या नवऱ्या माझ्यात बसून रडत सासरी गेल्या! अशी दमणी तालुक्यात नाही, असं लोक म्हणत, आणि मला ते मुळीच खोटं वाटत नसे.

माझे मालक रुपराव. शेती बेताची, पण शंकरपटाचा नाद दांडगा. पट म्हणजे बैलांची शर्यत. बैल ज्या सरळ पट्टीवरून पळतात तिला आमच्याकडे दाण म्हणतात. जोडी पुढे गेली रे गेली, की मालक आणि त्याची माणसं गुलाल घेऊन दाणीत उतरतात. गेलेली जोडी त्याच वाटेने पुन्हा अंगावर यायची नसते, मग भीती कसली? रुपरावांचं अर्धं आयुष्य असं दाणीत उतरण्यात गेलं होतं.

एकुलत्या मुलाने, मार्तंडने, आपली जोडी हाकावी ही त्यांची फार इच्छा. मार्तंड मात्र नागपूरला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात लागला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. ते इंग्रजांच्या राज्याचे दिवस होते. एका हिवाळ्यात निरोप आला की नागपुरात साहेबलोक फटफटींच्या शर्यतींचा मेळा भरवत आहेत, आणि त्यात मार्तंडही फटफटी पळवणार आहे.

"ना शिंगं, ना शेपूट! हाकन कशाले धरून?" रुपराव कुचेष्टेने म्हणाले. पण त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या चाकांना वंगण घातलं.

प्रयागबाई, त्यांची बायको, शिदोरी बांधता बांधता म्हणाल्या, "अजी, चाललेच हाव तर पोरासंग दोन शब्द नीट बोलजा."

"मी शर्यत पाहाले चाललो. पोराले नाही."

असं म्हणून त्यांनी गुलालाची पुडी माझ्या कोपऱ्यात, कडब्याखाली हळूच दडवली. प्रयागबाईंना ती दिसली नाही. मला कशी दिसणार नाही?

वाटेत मुक्काम करून आम्ही नागपूरला पोचलो. केवढी ती गर्दी! टांगे, छकडे, झाडांवर चढलेली माणसं, बँडबाजा, सोड्याच्या बाटल्या. शर्यत काही मैदानात नव्हती. नेहमीच्या सडकाच दोर बांधून अडवल्या होत्या. एका वळणावर, कडेच्या झाडाखाली रुपरावांनी मला उभं केलं आणि फटफटींच्या आवाजाने बिथरलेले बैल सोडून लांब नेऊन बांधले. प्रयागबाई माझ्या दांडीला धरून उभ्या होत्या.  माझं मन काही ठीक नव्हतं.

झेंडी पडली. कानठळ्या बसवत फटफटी सुटल्या. सगळ्यांत पुढे, पाठ वाकवून, डोक्याला कातडी टोपी घातलेला मार्तंड! वळणावरून तो असा सरसर गेला की रुपराव आपला सगळा राग विसरले.

"पाह्यलं का वं? माहं पोरगं! माहं पोरगं पयलं!"

धूळ खाली बसायच्या आत बाकीच्या फटफटीही निघून गेल्या. सडक मोकळी दिसली. रुपरावांनी कडब्याखालची पुडी काढली, दोराखालून वाकले आणि सडकेवर उतरले. दाणीत उतरावं तसे, सरळ मधोमध.

हवालदार ओरडला, "हटो! हटो!"

"मालक हाओ गा मी! पोराचा बाप!" रुपराव हसत म्हणाले.

त्यांना कोण सांगणार, की ही सडक फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि गेलेली फटफटी पुन्हा इथूनच जाणार आहे? आवाज पाठीमागून आला. प्रयागबाई माझी दांडी सोडून किंचाळत दोराकडे धावल्या. रुपराव वळले, ते हातातला गुलाल उधळत. समोर मार्तंड. त्याने बापाला पाहिलं आणि फटफटीचं तोंड फिरवलं. फिरवलं ते थेट माझ्याकडे.

माझ्या चाकाचे आरे काडकन मोडले. मार्तंड उडून माझ्या कडब्यात पडला. जीव वाचला, पण उजवा पाय असा चिरडला की पुढे तो कधी वाकला नाही. रुपराव सडकेवर तसेच उभे होते. गुलाल त्यांच्या स्वतःच्याच अंगावर पडला होता.

मला दुसऱ्याच्या बंडीवर लादून गावी आणलं. रुपरावांनी पटाची जोडी विकून टाकली. मला जाळायला मात्र त्यांचा हात धजला नाही. गोठ्यामागे टाकलं आणि माझ्याकडे बघणं सोडलं. कोंबड्या तेवढ्या वर्षानुवर्षं माझ्याकडे येत राहिल्या.

परवाच्या दिवाळीत मार्तंड काठी टेकत गावी आला. ताठ पाय पसरून माझ्याजवळ बसला आणि एकेक नवा आरा बसवू लागला. रुपराव दारातूनच म्हणाले, "काहून दुरुस्त करून राहिला गा तिले? जाळून टाक."

मार्तंडने हातातलं काम थांबवलं. "बाबा, हिनं मले झेललं. अन् गुलाल घेऊन आल्ते तुमी. तो माह्यासाठीच होता ना?"

  रुपराव पाठ फिरवून शेताकडे निघून गेले.

मित्रांनो, शर्यत कुठलीही असो, नवख्या वाटेवर पाय टाकण्याआधी कुणाला तरी विचारा. विचारण्यात कमीपणा नसतो. आणि माझ्या चाकांची काळजी करू नका. ती आता चांगली आहेत, सागवान पुष्कळ टिकतं. पण रुपराव थकले आहेत, आणि बाजारालासुद्धा पायीच जातात. आता गावीच राहिलेला मार्तंड बैल जुंपून उभा राहतो, तरी ते चढत नाहीत. तुमच्यापैकी कुणी पारशिवनीला आलात, तर एवढं करा. त्यांचा हात धरून त्यांना माझ्यात बसवा.

मी हळू चालेन.