वळायला जागा

त्या मंगळवारी सकाळीही ट्रकने नेहमीसारखा जीव खाल्ला. किल्ली फिरवली की इंजिन दमेकऱ्यासारखं कण्हायचं आणि बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर एकदाचं धडधडायचं. बाबांच्या शेजारी बसलेली लेक मांडीवरची पिशवी सावरत घड्याळ बघत होती. ती ज्या ग्रंथालयात काम करायची, ते नऊला उघडायचं आणि चाव्या तिच्याकडे होत्या.

"बाबा, भंगारात द्या ही गाडी आता. सगळी गल्ली जागी होते."

"सगळेच पहिल्या हाकेला उठायला लागले, तर गजराच्या घड्याळवाल्याने खायचं काय?" बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "ऊठ गं म्हातारे. बाईसाहेबांना उशीर होतोय."

तिसऱ्या खेपेला म्हातारी उठली. ग्रंथालयाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर बाबांनी ब्रेक लावला. "इथेच उतर. पुढे वळायला जागा नाही." शाळेत सोडताना ते हेच म्हणायचे, कॉलेजला सोडतानाही हेच. ती उतरली आणि मागे न बघता चालू लागली.

बुधवारी सकाळी बाबा उठले नाहीत.

महिन्याभराने तिने भंगारवाल्याला फोन केला. तो शनिवारी येणार होता. शुक्रवारी दुपारी ट्रकची दुरुस्ती करणारे मिस्त्री अवजारांची पेटी घेऊन दारात उभे राहिले. बाबांची आणि त्यांची तीस वर्षांची मैत्री, त्यातली निम्मी भांडणात गेलेली.

"पोरी, मला आजचा दिवस दे. या बयेने माझी अब्रू घालवलीय. तीन बॅटऱ्या बदलल्या, दोनदा सेल्फ खोलला, तरी उठायला रडते. आजार तरी कळू दे, मग खुशाल ने मसणात." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"कळून काय करायचं, काका?"

"काही नाही. एका हाकेत उठली, तर मोडायची का नाही ते तू ठरव."

मिस्त्रींनी आधी बॅटरी मोजली. टंच होती. मग सेल्फ पाहिला, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. तीही ठणठणीत. "देणाऱ्यात जीव आहे, घेणाऱ्यातही आहे. मग मधे खातंय कोण?" त्यांनी एक जाड केबल बॅटरीपासून थेट इंजिनाला लावली आणि तिला वर बसायला सांगितलं. "किल्ली मार."

किल्लीवरचा हात निघायच्या आत इंजिन सुरू झालं.

"सापडला चोर!" मिस्त्री ओरडले. "बॅटरीची दुसरी केबल चॅसीला, गाडीच्या सांगाड्याला जोडलीय ना, तिथे वीज अडतेय. आणि तिथेच मला कधी हात लावू दिला नाही त्याने. बॅटरीकडचं माझं मी बघतो, म्हणायचा. दीडशहाणा."

त्यांनी इंजिन बंद करवलं, बोल्ट सोडवला, केबल बाजूला केली. ते तिथेच वाकून बघत राहिले, म्हणून तीही खाली उतरून वाकली.

जोड उघड्या लोखंडावर बसायला हवा होता. इथे मधे रंग होता. निळ्यावर एक पिवळी चिमणी, बोल्टच्या भोकालाच डोळा करून काढलेली. बाकी चॅसीचा रंग केव्हाच उडाला होता. केबलखाली हिचा तेवढा राहिला होता.

चिमणी काढली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सुट्टीत बाबा चॅसी रंगवत होते आणि तिची भुणभुण थांबावी म्हणून त्यांनी तिच्या हातात एक ब्रश दिला होता. "पुसायची नाही हं, बाबा." "नाही पुसणार." संध्याकाळपर्यंत ती विसरूनही गेली होती.

"म्हणजे मी इतकी वर्षं या चिमणीशी झुंजत होतो," तिने हे सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले. त्यांनी पॉलिश पेपर हातात घेतला. "खरवडू?"

"नको."

"मग दोन बोटं बाजूला नवं भोक पाडतो. एवढं साधं त्याला सुचू नये?" त्यांनी ड्रिल काढलं आणि थांबले. "सुचलं असेल म्हणा. पण मग हिला चिखल लागला असता."

त्यांनी नवी जागा घासून लोखंड लखलखीत केलं, केबल आवळली आणि चिमणीवर जुन्या ट्यूबचा एक तुकडा पक्का बसवला. तिने भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

ट्रायलला मिस्त्री चालवायला बसले, ती तिच्या नेहमीच्या जागी. म्हातारी पहिल्याच हाकेला उठली. ग्रंथालयाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मिस्त्रींनी वेग कमी केला.

"पुढे वळायला जागा आहे का गं?"

"आहे," ती म्हणाली. "आधीपासून आहे."

ट्रक ग्रंथालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. पायऱ्यांवरच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. तिने डॅशबोर्डवर हात ठेवला. मिस्त्री खिडकीबाहेर बघू लागले.

"बाबा, जागा होती ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला लाज वाटायची, तेही तुम्हाला माहीत होतं. दारापर्यंत या, एवढं मी म्हणायला हवं होतं. दारापर्यंत या, बाबा."