नुसता उजेड

ताईने आईचे सगळे फोटो टेबलावर डोकं खाली, पाय वर असे मांडले आणि ती लांब जाऊन उभी राहिली. स्वतः काढलेले फोटो पारखायची तिची ही जुनी रीत. उलट्या फोटोत माणूस दिसेनासा होतो, उरतो तो उजेड आणि सावली; मग आपलं ते गोजिरं वाटत नाही. विद्यार्थ्यांना हे शिकवताना ती भलताच आव आणत असे.

आईच्या आजारपणाचे फोटो उद्या प्रदर्शनाला पाठवायचे होते. त्यात शेवटी कोणता लावायचा, ते ठरत नव्हतं. खरं तर ठरलं होतं आणि तीच पंचाईत होती. खिडकीतला उजेड, उशी, आणि वर आलेला हात. दोन-तीन दिवस ती त्यात खोट शोधत होती. कडा कापून बघितल्या, डोळे बारीक करून बघितलं. वाईट निघाला असता तर तिने तो आनंदाने फाडला असता. मेला वाईट निघतच नव्हता.

तो फोटो काढला त्या दुपारी धाकटी बहीण औषधं आणायला खाली गेली आणि ती परत येईपर्यंत आई गेली. झोपेतच गेली, तिला कळलंही नाही, असं ताईने धाकटीला सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर धाकटी सावरली होती. फोटोतल्या आईचे डोळे मात्र टक्क उघडे होते, दाराकडे लागलेले.

धाकटी कामावरून परस्पर आली आणि पर्स खांद्यावरून न काढताच टेबलापाशी गेली. ताईला फोटो झाकता आले असते. पण तिला कुणाचं तरी मत हवं होतं, आणि उलट्या फोटोत हिला काय कळणार, असंही वाटलं. चेहरे बघू नकोस, नुसता उजेड बघ, असं तिने बजावलं. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही, असं कुरकुरत धाकटी टेबलाभोवती फिरली. ताई नखं कुरतडत राहिली.

“हा,” धाकटीने बोट ठेवलं.

ताईला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला.

धाकटीने बोट उचललं नाही.

“ही चादर मी त्याच दिवशी सकाळी बदलली होती.”

धाकटीने फोटो सुलटा फिरवला.

“आई जागी होती?”

“हो.”

“मला बोलावत होती?”

“हो.”

“आणि तू फोटो काढलास.”

ताईने मान डोलावली. धाकटीने फोटो पुन्हा उलटा करून ठेवला.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “हाच लाव. मी नाही येणार बघायला.”