आईचं 'हो'

डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं, मी मराठीत सांगितलं आणि आईने लगेच मान डोलावली. "हो."

डॉक्टर खूश झाले. भावाने सुटकेचा निःश्वास सोडला. मी मात्र खुर्चीवरून उठले.

"हे 'हो' धरू नका," मी डॉक्टरांना त्यांच्या भाषेत म्हटलं. "ती अजून हो म्हणालेली नाही."

भावाने कपाळाला हात लावला. "तू उगाच फाटे फोडू नकोस. आई तयार झालीये ना?"

कसली तयार! मागच्या वेळीही हेच 'हो' म्हणाली होती. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही इथे ताटकळत बसलो आणि मातोश्री दुकान उघडून शिलाई मशीनवर बसल्या होत्या. तिच्या उजव्या अंगठ्यातली गाठ आता नखाखालून सांध्याकडे सरकली होती. ही तारीख हुकली तर अंगठ्यावर भागणार नाही, हात जाईल, कदाचित आईच जाईल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून मला खरं 'हो' हवं होतं. ते मिळाल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हते.

डॉक्टर गोंधळले. त्यांच्या लोकांत एकदा हो म्हटलं की शब्द दिला. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं पाडणं. नर्स तिसऱ्याच मुलखातली. ती फोनवर घरच्यांशी बोलताना दर वाक्याला त्यांच्यातलं 'हो' म्हणायची, त्याचा अर्थ एवढाच की ऐकतेय, पुढे बोल. आणि आमच्या आईचं 'हो' म्हणजे तुमचा मान राखला, आता विषय संपवा. शिकल्या-सवरलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं.

शिवणाच्या दुकानातही तेच. गिऱ्हाईक कापड टाकून घाई करायचं, ही 'हो हो' म्हणायची आणि कापड फडताळात पडून राहायचं. जुनी गिऱ्हाइकं हुशार होती. ती काउंटरपाशी ठाण मांडायची. कारण काम खरंच घेतलं की आई हो म्हणायचीच नाही. गळ्यातली टेप हातात घेऊन विचारायची, "कधी हवंय?" एवढं ऐकलं की गिऱ्हाईक निर्धास्त घरी जायचं.

मीही ठाण मांडलं.

"आई, हो पुरे झालं. मला तुझं 'नाही' ऐकायचंय."

"अगं, एवढे मोठे डॉक्टर, त्यांना काय वाटेल?"

"ते माझ्यावर सोड. तू बोल."

भाऊ सारखं घड्याळ बघत होता. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"अंगठा गेला तर कात्री कशी धरू?" शेवटी ती म्हणाली. "मग काय तुमच्या दारात नुसती बसून खाऊ? त्यापेक्षा नकोच ते."

मी सगळं जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं, 'नको'सकट. मला वाटलं ते चिडतील. पण ते स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि तिचा अंगठा हातात घेतला. वरचा सांधा जाईल, खालचा वाचवायचा प्रयत्न करतो, म्हणाले. कात्री धरता येईल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही. मी तेही आईला काही न लपवता सांगितलं. ती पुन्हा नको म्हणाली असती, तर मला ते डॉक्टरांना सांगावंच लागलं असतं.

आईने नर्सच्या ट्रेमधली पट्टी कापायची कात्री मागितली. अंगठ्याचं टोक दुमडून कात्री खालच्या सांध्यावर अडकवली. कात्री निसटून पडली. नर्सने उचलून दिली. आईने पुन्हा धरली, पुन्हा पडली. मग कशीबशी उघडली आणि पट्टीचा एक तुकडा वेडावाकडा कापला गेला.

"गोल गळा नाही जमायचा," आई स्वतःशीच म्हणाली. "सरळ कापता येईल."

तिने पिशवीतून टेप काढली. अंगठ्याचं टोक ते वरचा सांधा, एवढं माप घेतलं. मग डॉक्टरांकडे बघून विचारलं, "कधी हवंय?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय म्हणाल्या?"

मला रडू फुटलं होतं.

"हो म्हणाली," मी सांगितलं.