अर्धी टाकी

बाबा गेल्यावर शेडमध्ये कोंबडीच्या पिल्लांची पहिली खेप आली, आणि भेटायला येणारा जो तो धाकटीचंच कौतुक करू लागला.

"अँटिबायोटिक बंद केलं म्हणे पोरीनं! खाद्यात, पाण्यात सेंद्रिय आम्लं घालते," खाद्याचा व्यापारी म्हणाला. "तुमच्या बाबांना पटवायचं म्हणजे खायचं काम नव्हतं हो."

थोरलीनं कप जरा आपटूनच ठेवला. आम्लानं पोटातले वाईट जंतू आटोक्यात राहतात, निरोगी पिल्लांना रोज औषध कशाला चारायचं, हे तिनंच बाबांना कितीदा सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "पुस्तकातल्या कोंबड्या मरत नाहीत, बाळ." तीच गोष्ट धाकटी बोलली आणि त्यांना लगेच पटली.

दुपारी ती शेडमध्ये गेली. पिल्लं पाण्यात चोच बुडवत, मान झटकत आणि मागे सरत. भांडी काठोकाठ तशीच. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. दात आंबले.

तिनं टाकीत डोकावलं. टाकी अर्धीच होती, आम्ल मात्र भरल्या टाकीच्या मापानं पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत तहानलेली पिल्लं माना टाकतील. मग बघू व्यापारी कोणाचे गोडवे गातो. विचार तिला गोड लागला, आणि गोड लागला म्हणून ती चरकली.

तेवढ्यात धाकटी धावत आली. "ताई, पिल्लं मरगळलीत गं. रोगच शिरलाय. पुरे झालं माझं ॲसिडचं खूळ, औषधाची गोणी फोडते."

थोरली नुसती गप्प राहिली असती, तरी पुरलं असतं.

"गोणीला हात लावू नकोस," ती म्हणाली. "टाकी कुणी भरली?"

"टाकी? ती भरलेलीच अस..." धाकटी बोलता बोलता थांबली.

दोघींनी पाणी सोडून दिलं, टाकी धुतली, भरली, बेतानं आम्ल घातलं. भांडी भरताच पिल्लं पाण्यावर तुटून पडली.

"पहाटे उठून बाबाच भरायचे," धाकटी हुंदके देत म्हणाली. "कधी बोलले नाहीत गं."

रडणाऱ्या बहिणीचा थोरलीला हेवाच वाटला. आपल्याशी ते तावातावानं वाद घालायचे, आणि हिच्यासाठी मुकाट्यानं टाकी भरायचे.

"डोळे पूस," ती पाइप गुंडाळत म्हणाली. "उद्यापासून टाकी मी भरणार. तू मध्ये यायचं नाहीस."