भिंगरीमामांच्या बरगडीचा फोटो

आमचे भिंगरीमामा शिडीवरून पडले आणि बरगडी मोडून आत घुसली की काय, अशी शंका आली. फोटो स्वच्छ आला नाही तर छाती उघडून बघावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. पण मामा एका जागी ठरतील तर शपथ! चाकांचं एक्स-रे मशीन खाटेशी आलं की मामा खिडकीशी. सगळे फोटो धुरकट.

"अहो, श्वास रोखा, उभे राहा!" मशीनवाल्या बाई ओरडल्या.

"लग्नाच्या फोटोतही हे असेच पुसट आलेत," मामी म्हणाली.

शेवटी बाईंनी मामांच्या पाठीला प्लेट बांधली, आणि मशीन ओढत त्या त्यांच्यासमोर उलट्या पावली चालू लागल्या. व्हरांड्यात दोघांचा वेग अगदी एक झाला, तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं. खोटं वाटेल, पण फोटोत मागची भिंत पळताना आली आणि मामा दगडासारखे स्थिर!

"नुसती चीर आहे, ऑपरेशन नको," डॉक्टर म्हणाले. "फक्त महिनाभर अंथरुणावरून हलायचं नाही."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टरसाहेब, त्यापेक्षा छाती उघडाच की!"